हॉटेल प्रशिक्षणार्थी : पेशा आणि प्रतिष्ठा

हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा काही काळ प्रत्यक्ष हॉटेलात काढावा लागतो. स्वयंपाकघर, खाद्यपेय सेवा, स्वागतकक्ष व हाउसकीपिंग या चार विभागांत आळीपाळीने काम करणे, असे या औद्योगिक प्रशिक्षणाचे स्वरूप असते. देशातील अशी पहिली शिक्षणसंस्था १९५४ मध्ये मुंबईत सुरू झाली. मात्र या पेशाला चिकटलेला कमीपणा अद्याप पुरता गेलेला नाही.

सातारा जिल्ह्यात हा विरोधाभास ठळकपणे दिसतो. महाबळेश्वर, पाचगणीचे अर्थकारण पर्यटकांवर चालते. परंतु ‘अपशिंगे मिलिटरी’सारखी गावे असलेल्या या जिल्ह्यात सैनिकाच्या गणवेशाला जो मान आहे, तो वेटरच्या गणवेशाला नाही. ‘शिकून खरकटी ताटेच उचलायची का?’ हा घरातला प्रश्न प्रशिक्षणार्थीला लांबलेल्या पाळीपेक्षा जड जातो. त्यात पावसाळ्यात हंगाम ओसरतो आणि नोकरीची शाश्वती आणखी कमी होते.

प्रशिक्षणार्थी टिकणार की पेशा सोडणार, हे बहुधा याच काळात ठरते. त्याला स्वस्त मनुष्यबळ न मानता चारही विभागांचे काम खरोखर शिकवणे, विद्यावेतन वेळेवर देणे आणि वरिष्ठांनी ‘ए पोऱ्या’ऐवजी नावाने हाक मारणे, हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. पेशाची प्रतिष्ठा आधी हॉटेलात जपली गेली, तरच ती घरापर्यंत पोहोचेल.