'लूट': एका प्रहसनाची हकीकत

'कीचकवध' नाटकावर इंग्रज सरकारनें १९१० सालीं बंदी घातली, हें आपणांस ठाऊक आहे. परंतु खुद्द इंग्लंडांतील रंगभूमीही मोकळी नव्हती. लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारच्या अधिकाऱ्यास नवीं नाटकें तपासण्याचा अधिकार १७३७ च्या कायद्यानें मिळाला, आणि थोड्याबहुत फेरबदलानें तो १९६८ पर्यंत चालला. त्या अमलाच्या अखेरच्या दिवसांत जो ऑर्टन या तरुण नाटककारानें एक प्रहसन लिहिलें. त्याचें नांव 'लूट'. हा शब्दही इंग्रजांनीं आपल्याच देशांतून नेलेला!

कथानक असें: एका घरीं आईचा मृतदेह दफनासाठीं तयार ठेविलेला आहे. मुलानें व त्याच्या मित्रानें बँक फोडून आणलेली रक्कम लपविण्यास शवपेटी हवी, म्हणून मातोश्रींची रवानगी कपाटांत होते. शुश्रूषेस ठेविलेली परिचारिकाच खुनी निघते. तपासास आलेला पोलीस इन्स्पेक्टर ट्रस्कॉट वॉरंटाची अडचण टाळण्यासाठीं, आपण पाणीपुरवठा खात्याचे नोकर आहों, असें सांगून घरांत शिरतो. तो मुलास बडवितो आणि शेवटीं लुटींत वांटा घेऊन गप्प बसतो. पकडला जातो तो एकटा बाप, ज्याचा कायद्यावर व पोलिसांवर अढळ विश्वास होता.

ही निव्वळ अतिशयोक्ति नव्हे. जुलै १९६३ मध्यें ग्रीसच्या राणीच्या भेटीच्या वेळीं लंडनमध्यें निदर्शनें झालीं. त्यांत पकडलेल्या एका व्यंगचित्रकाराच्या खिशांत विटेचा तुकडा सांपडला, असा खोटा आरोप हॅरोल्ड चॅलेनॉर या पोलीस सार्जंटनें केला. खिशांत विटेची भुकटी मुळींच आढळली नाहीं, म्हणून आरोपी सुटला. पुढील वर्षीं चॅलेनॉर मनोविकारामुळें खटल्यास अपात्र ठरला, त्याच्या हाताखालच्या तिघां पोलिसांस मात्र तुरुंगवास झाला. ट्रस्कॉटचें पात्र ऑर्टननें या चॅलेनॉरवरून घडविलें.

१९६५ सालीं केंब्रिज येथें नाटकाचा आरंभ झाला, पण तो दौरा फसला. १९६६ सालीं लंडनमध्यें तेंच नाटक गाजलें आणि त्यास 'ईव्हिनिंग स्टँडर्ड' पत्राचें त्या वर्षींच्या उत्कृष्ट नाटकाचें पारितोषिक मिळालें. लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीनें कांहीं मजकूर गाळावयास लाविला, आणि अट घातली कीं, प्रेताच्या जागीं जिवंत नटी नको, बाहुलेंच हवें. मृताच्या प्रतिष्ठेची एवढी काळजी! निरपराध मनुष्य पकडला जातो, ही गोष्ट मात्र नाटकांत तशीच राहिली.

ऑगस्ट १९६७ मध्यें, वयाच्या ३४ व्या वर्षीं, ऑर्टनचा त्याच्याच सहवासी मित्राच्या हातून खून झाला. सप्टेंबर १९६८ मध्यें नाटकांची ही सरकारी तपासणी रद्द झाली. तो दिवस त्यास दिसला नाहीं.

पोलीस आहे म्हणून तो खरेंच बोलत असला पाहिजे, असें मानणारा तो बाप सभ्य व नेमस्त गृहस्थ होता. प्रेक्षागृहांत बसलेलेही बहुतेक तसेच. हंसतां हंसतां त्यांस आपली स्वतःची फजिती दिसली, हेंच या प्रहसनाचें सामर्थ्य होय.