चारचौघांत पत्करणे

आपण नोकरी पत्करतो, धोका पत्करतो, वेळ आली तर हारही पत्करतो. अंगावर काय येणार हे ठाऊक असताना 'हे माझे' म्हणायचे, तिथे मराठीत हे क्रियापद येते. मराठी बायबलात येशूला लोकांसमोर आपला म्हणण्यासाठी हाच शब्द आहे. तो चपखल बसतो, कारण मूळ शब्दही देवघरातला नव्हता, दस्तऐवजातला होता.

तो ग्रीक शब्द म्हणजे 'होमोलोगिया'. 'होमो' म्हणजे समान आणि 'लोगोस' म्हणजे बोल. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांवर कर्जाचे आणि विक्रीचे करार याच शब्दात बांधलेले दिसतात : अमका कबूल करतो की... करारात मनातली गोष्ट चालत नाही. ती उच्चारावी लागते आणि ऐकायला कोणीतरी असावे लागते. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी श्रद्धेलाही हीच अट लावली.

ऐकणारा लवकरच न्यायासनावर येऊन बसला. इ.स. 112च्या सुमारास बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी आरोपीला तीनदा विचारी : ख्रिस्ती आहेस का? हो म्हणत राहणाऱ्याला देहदंड. तो रोमन नागरिक असेल तर रोमला रवानगी. नाही म्हणून सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य वाहणारा, ख्रिस्ताला शिव्याशाप देणारा सुटे. ग्रीक 'मार्टिस' म्हणजे साधा साक्षीदार. त्याला हुतात्मा हा अर्थ चिकटला तो अशाच कचेऱ्यांत. कबुली देऊनही जिवंत राहिलेल्याला लॅटिनमध्ये 'कन्फेसर' म्हणू लागले.

250 साली सम्राट डेशियसच्या हुकुमाने प्रत्येकाला देवांना बळी वाहून तसा दाखला घ्यावा लागला. असे दाखले आजही शिल्लक आहेत. बळी न वाहता पैसे चारून दाखला मिळवणारेही निघाले. त्यांना पुन्हा मंडळीत घ्यायचे का, यावरून कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या काळात मोठे वादळ उठले. पुढे चौथ्या शतकात जेरुसलेमला बाप्तिस्मा घेणारा आधी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारी, मग पूर्वेकडे वळून श्रद्धा उच्चारी. आधी नकार, मग होकार.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, आले, तेव्हा ही जुनी रीतही त्याच्यासोबत आली. पण चांद्याने चारचौघांत पत्करणे खऱ्या अर्थाने पाहिले ते 16 ऑक्टोबर 1956 रोजी, आणि तेही वेगळ्याच धर्माच्या नावाने. नागपूरची बौद्ध दीक्षा आटोपून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीच दीक्षा द्यायला चांद्याला आले. इथे पुढाकार बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा होता. हा ख्रिस्ती विधी नव्हता, तरी दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांची घडण पाहावी : सुरुवातीला जुन्या देवांना नकार, मग समतेचा आणि बुद्धाच्या मार्गाचा स्वीकार. त्या मनात म्हणायच्या नव्हत्या. मैदानात, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणायच्या होत्या.

आणि इथेही कागद आडवा आलाच. 1951च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध 2,487 होते. 1961 साली 27,89,501 झाले. गणना करणारा दारात आला की प्रत्येक घराला पुन्हा एकदा कबुली द्यावी लागली, आणि तिची किंमतही होती. अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत तेव्हा हिंदू आणि शीखच बसत. स्वतःला बौद्ध लिहिणाऱ्याच्या हातून केंद्राच्या सवलती जात. ही अट 1990 साली बौद्धांपुरती सुटली.

ख्रिस्ती झालेल्या दलितांसाठी ती अजून सुटलेली नाही.