बिल्डर भरतो ते ‘विकास शुल्क’ जातं कुठे? तुमच्या भागातल्या बागेला त्यातलं काय मिळतं?

नवी इमारत उभी करायची तर बांधकाम परवानगी घेतानाच महापालिकेत बरीच रक्कम भरावी लागते. त्यातला एक भाग असतो ‘विकास शुल्क’. पावती बिल्डरच्या नावावर निघते, पण हा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात धरलेला असतो. त्यामुळे त्याचा भार बऱ्याचदा घर घेणाऱ्यावरच येतो. मग घरं भरली, रस्त्यावर गर्दी वाढली, तरी विकास आराखड्यात हिरव्या रंगात दाखवलेली बाग कागदावरच का राहते?

विकास शुल्क म्हणजे नेमकं काय?

महाराष्ट्रात हे शुल्क ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ म्हणजेच एमआरटीपी कायद्यानुसार घेतलं जातं. त्यासाठी १९९२ मध्ये या कायद्यात स्वतंत्र प्रकरण घालण्यात आलं. जमिनीचा वापर बदलायचा असेल किंवा बांधकाम करायचं असेल, तर हे शुल्क लागू होतं. त्याचा दर रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या दराशी जोडलेला आहे आणि निवासीपेक्षा व्यावसायिक बांधकामाला जास्त पैसे पडतात. जादा एफएसआयसाठी भरायचा प्रीमियम मात्र वेगळा. दोन्हींची गल्लत करू नका.

हे पैसे कशावर खर्च करता येतात?

कायद्याच्या कलम १२४-जे नुसार ही रक्कम ‘विकास निधी’त जमा करायची असते. त्यातून सार्वजनिक सुविधा पुरवायच्या आणि आपल्या हद्दीतल्या भागाची देखभाल आणि सुधारणा करायची.

वाचायला छान वाटतं. खरी मेख आहे ‘सुविधा’ या शब्दात. याच कायद्यातल्या व्याख्येत बाग आणि खेळाचं मैदान आहे. त्याच यादीत रस्ते, बाजार, पार्किंग, शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा, पथदिवे, सांडपाणी आणि गटारंही आहेत. म्हणजे एकाच निधीवर सगळ्यांचा हक्क आहे आणि बागेसाठी ठरावीक हिस्सा राखून ठेवलेला नाही. ज्या प्रभागातून शुल्क आलं तिथेच ते खर्च करा, असंही हे कलम सांगत नाही. तुमच्या भागातल्या टॉवरचे पैसे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रस्त्याला लागले, तर तेवढ्यावरून नियम मोडला असं म्हणता येत नाही.

बागेचं घोडं अडतं कुठे?

बहुतेक वेळा जागेवर. आराखड्यात ‘बागेसाठी आरक्षण’ असणं म्हणजे ती जागा महापालिकेची झाली असं नाही. मालकी खासगी असेल तर ती मिळवावी लागते. कलम १२६ नुसार त्याचे तीन मार्ग आहेत:

- मालकाशी बोलणी करून रोख मोबदला देणं
- रोख पैशांऐवजी टीडीआर किंवा एफएसआय देणं
- सक्तीचं भूसंपादन करणं

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात बाजारभावाच्या साधारण दुप्पट रक्कम मोजावी लागते. त्यामुळे महापालिकांचा कल टीडीआरकडे असतो. मालक त्याला तयार नसेल तर फाइल तिथेच थांबते.

आणि घड्याळ चालूच असतं. कलम १२७ नुसार अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात आली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी ठोस पाऊल उचललं गेलं नाही, तर आरक्षण रद्द झाल्याचं मानलं जातं. मग त्या जागेवर शेजारच्या जमिनीसारखंच बांधकाम होऊ शकतं. एकदा तिथे इमारत उभी राहिली की बाग मिळणं जवळपास अशक्य.

‘आमच्या सोसायटीत गार्डन आहे की!’

ते वेगळं. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या एकत्रित नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. पण ती तिथल्या रहिवाशांसाठी असते. गेटबाहेरच्या वस्तीतल्या मुलांना त्याचा उपयोग नाही. तो प्रश्न सार्वजनिक बागच सोडवू शकते.

दुसरीकडे हिशेब कसा ठेवतात?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचा नियम पाहण्यासारखा आहे. तिथे शुल्क कोणत्या कामासाठी घेतोय ते शहराला आधीच सांगावं लागतं. पैसे स्वतंत्र खात्यात ठेवायचे आणि आर्थिक वर्ष संपल्यावर १८० दिवसांत हिशेब जाहीर करायचा. पैसे पडून राहिले तर ते अजून का हवेत, हे दर ५ वर्षांनी लेखी मांडायचं. ते मांडलं नाही तर त्या मालमत्तेच्या सध्याच्या मालकांना पैसे परत करण्याची तरतूद आहे.

निधी वेगळा ठेवणं आपल्या कायद्यातही आहे. पण शुल्क घेताना त्यातून कोणतं काम होणार, ते मात्र ठरलेलं नसतं.

तुम्ही काय करू शकता?

१. आराखडा पाहा. तुमच्या भागात बाग किंवा मैदानाचं आरक्षण आहे का आणि आराखडा कधी लागू झाला, ते तपासा. नगररचना विभागातून भाग नकाशा मिळतो.

२. १० वर्षं मोजा. मुदत संपली असेल तर कलम १२७ ची नोटीस आली आहे का, ते विचारा. हा सगळ्यात तातडीचा प्रश्न आहे.

३. बजेट उघडा. जमेच्या बाजूला विकास शुल्क किती आणि खर्चाच्या बाजूला उद्यान व भूसंपादनासाठी किती, ते पाहा. तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च हे दोन वेगळे आकडे असतात.

४. माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत मांडावा लागतो. म्हणून विकास निधीचा हिशेब आणि आरक्षणाची स्थिती यांसाठी दोन वेगळे अर्ज करा.

‘आमच्याकडे बाग नाही’ या तक्रारीवर ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ असं उत्तर मिळू शकतं. ‘या आरक्षणाची मुदत कधी संपते आणि जागेसाठी यंदा किती तरतूद आहे?’ असं विचारलंत, तर उत्तरात तारीख आणि रक्कम सांगावी लागते.