गोधडीच्या कापडावर दोघींनी मिळून जंगल उतरवलं, तर डिझाइन कुणाचं?

गोधडी म्हटलं की आजीच्या जुन्या नऊवारीचे थर आणि धावदोरा आठवतो. पण आता गोधडी आणि क्विल्टसाठी खास कापडही छापलं जातं. त्यावर पळसाची फुलं, सागाची पानं, महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत असं काहीही असू शकतं. नागपूरसारख्या शहरात या कामाला लागणारं सगळं जवळ आहे. विदर्भाचा कापूस आहे, पेंचचं जंगल आहे आणि 1877 मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलपासूनचा कापडाचा इतिहासही आहे.

हे काम बहुतेकदा एकट्याचं नसतं. एक जण चित्र काढतो, दुसऱ्याला शिवण कळते. मग तयार झालेलं डिझाइन नेमकं कुणाचं?

दोघांची गरज का पडते?

गोधडीचं कापड अखंड वापरलं जात नाही, त्याचे तुकडे होतात. चित्रकाराने हातभर मोठा पळस काढला, तर चार इंचांच्या चौकोनात फक्त अर्धी पाकळी येते. म्हणून एकाच मालिकेत मोठी, मध्यम आणि बारीक अशा तीन मापांची नक्षी ठेवतात. बारीक नक्षी लांबून जवळपास एकरंगी दिसते आणि मोठ्या फुलांना उठाव देते.

दुसरा प्रश्न दिशेचा. सगळे पक्षी एकाच बाजूला उभे असतील, तर तुकडे फिरवून जोडताना काही उलटे होतात. चारही बाजूंनी चालणारी नक्षी असली की कापड कमी वाया जातं. या गोष्टी शिवणारीच्या लगेच लक्षात येतात, चित्रकाराच्या कदाचित येणारही नाहीत.

तिसरी गोष्ट छपाईची. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते, त्यामुळे रंग वाढले की खर्च वाढतो. डिजिटल छपाईत रंगांची अशी अडचण नाही आणि थोडंसं कापडही छापून घेता येतं. नव्या जोडीला म्हणूनच ती परवडते.

150 वर्षांपूर्वीची एक भागीदारी

इंग्लंडमधला विल्यम मॉरिस फुलापानांच्या नक्षीसाठी जगभर ओळखला जातो. 1875 पासून तो लीक गावच्या थॉमस वॉर्डलकडे रंगाईचं तंत्र शिकला आणि त्याची अनेक कापडं वॉर्डलने छापली. पुढे रंगांच्या दर्जावरून मॉरिसची नाराजी वाढली आणि 1881 मध्ये त्याने मर्टन अ‍ॅबी इथे स्वतःचा कारखाना थाटला.

वॉर्डलचं नाव आपल्याकडच्या टसरशीही जोडलेलं आहे. सहज रंग न धरणारं हे भारतीय रेशीम रंगवण्याचं तंत्र त्याने विकसित केलं. विदर्भात भंडारा-गडचिरोलीच्या पट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोष घेतले जातात. वॉर्डलने छापलेल्या टसरवर त्याची पत्नी एलिझाबेथ आणि तिने 1879 च्या सुमारास उभ्या केलेल्या मंडळातल्या बायका भरतकाम करत. नक्षी छापलेली, जीव मात्र टाक्यांनी आणलेला.

कायदा काय सांगतो?

पळसावर कुणाची मालकी नसते. मात्र दुसऱ्याने काढलेल्या पळसाच्या फोटोवर असते. इंटरनेटवरचा फोटो परवानगीशिवाय गिरवला, तर तिथेच वाद सुरू होऊ शकतो.

दोघांचं योगदान वेगळं काढता येत नसेल, तर कॉपीराइट कायद्यानुसार दोघंही सहलेखक ठरतात. पण एक मोठी मेख आहे. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने ती यांत्रिक प्रक्रियेने 50 पेक्षा जास्त नगांवर वापरली गेली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो.

डिझाइन कायदा, 2000 खाली नोंदणी केली तर 10 वर्षं संरक्षण मिळतं आणि ते आणखी 5 वर्षं वाढवता येतं. त्यासाठी डिझाइन नवं असावं लागतं. म्हणून अर्ज करण्याआधी ते इन्स्टाग्रामवर टाकणं महागात पडू शकतं. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे: राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था.

कागदावर काय असावं?

दोघं मिळून व्यवसाय करत असतील आणि वाटणी ठरवलेली नसेल, तर भागीदारी कायदा, 1932 नफा समसमान धरतो. एकीने सहा महिने चित्रं काढली आणि दुसरीने दोन गोधड्या शिवल्या, तरीही. म्हणून सुरुवातीलाच पुढच्या गोष्टी लिहून ठेवाव्यात:

- डिझाइनची नोंदणी कुणाच्या नावावर होणार
- कापडाच्या काठावर कुणाची नावं छापणार
- कापड, नमुने आणि छपाईचा खर्च कोण करणार
- वेगळं झाल्यावर जुनी नक्षी कोण वापरू शकणार

यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त टाळला जातो. सगळं छान चाललेलं असताना तो काढणं अवघड वाटतं, पण शांतपणे बोलता येतं ते तेव्हाच.