‘चाल :’ या एका शब्दामागे

भीमगीतांच्या जुन्या पुस्तिका मी पंचवीसेक वर्षे गोळा करतो आहे. बहुतेक मिळाल्या त्या १४ जानेवारीला, आपल्या शहरातल्या विद्यापीठाच्या गेटजवळच्या फुटपाथवर. १९९४ साली याच दिवशी नामविस्तार झाला.

पुस्तिका स्वस्त कागदाची, पानांनी बारीक. गाण्याच्या डोक्यावर एक ओळ : ‘चाल :’ आणि पुढे एखाद्या गाजलेल्या चित्रपटगीताचे शब्द. राग नाही, ताल नाही. घेणाऱ्याला चाल येते हे गृहीतच. हा प्रघात नवा नव्हे. १८८०च्या ‘संगीत शाकुंतला’तील पदांवरही चाली अशाच सांगितलेल्या आहेत. तिथे आपण परंपरा म्हणतो. भीमगीताला मात्र ‘उसनी चाल’ म्हणून नाक मुरडतो. मीही मुरडले. माझ्या पहिल्या वहीत ‘नक्कल’ असा रकानाच होता.

तो खोडायला लावला दूरच्या जमैका बेटाने. तिथे वाद्यसंगीताचा एकच साचा घेऊन अनेक गायक आपापले शब्द गातात. त्या साच्याला ‘रिडिम’ म्हणतात. १९८५ साली गायक वेन स्मिथ आणि निर्माते किंग जॅमी यांनी कॅसिओच्या छोट्या कीबोर्डात आधीच भरलेल्या ठेक्यावर ‘स्लेंग टेंग’ उभे केले. त्या एका साच्यावर पुढे शेकडो गाणी झाली. तिथे कोणी नक्कल म्हणत नाही. श्रोता विचारतो, याने यावर काय म्हटले?

मग मी वही चालीवार लावली. एकाच चालीखाली महाडचे तळे, नागपूरची दीक्षा, बाळाचा पाळणा आणि नामांतराची हाक, वेगवेगळ्या शाहिरांची. भीमराव कर्डकांच्या जलशापासून हेच चालत आले : चाल ओळखीची असली की गावातला माणूस दुसऱ्या ओळीलाच साथ देतो आणि कान शब्दांकडे मोकळे राहतात.

एक फरक मात्र मोठा. तिथे साचा निर्मात्याच्या हाती. इथे चाल सर्वांची, शब्द तेवढे कवीचे. आणि तेच हरवले. कॅसेटवर गायकाचा फोटो, कवीचे नाव बारीक, पुष्कळदा नाहीच. वामनदादा कर्डक तरुणपणी मुंबईत अक्षरे शिकले. पण शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफायला ते चुकले नाहीत. नाव यमकात बसले की ते सहजी काढता येत नाही. मुखपृष्ठ फाटलेल्या पुस्तिकांतली त्यांची गाणी मी त्यावरूनच ओळखली.

ज्यांनी नाव गुंफले नाही, त्यांच्या गाण्यांपुढे माझ्या वहीत कवीचा रकाना कोराच आहे. गेटवर आलेल्या म्हाताऱ्या गायकांना मी चाल गुणगुणून दाखवतो. शब्द ते लगेच पुरे करतात. कोणाचे, विचारले की थांबतात. या जानेवारीतही वही बरोबर नेणार आहे.