हरितपट्टा आणि वहिवाट

लंडनभोवती हरितपट्टा आहे म्हणजे त्यात कुणीही खुशाल फिरावे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पट्टा म्हणजे बांधकामाला आडकाठी, एवढेच. त्यातली पुष्कळशी जमीन खाजगी शेतीची आहे. चालायची वाट कशी मिळाली, ही हकीकत निराळी आणि मला अधिक रोचक वाटणारी.

लंडनच्या ईशान्येस एपिंगच्या जंगलातून हिवाळ्यात फांद्या तोडून सरपण नेण्याचा लाउटनच्या गावकऱ्यांना पिढीजात हक्क होता. जमीनदाराने कुंपण घातले, तरी विलिंगेल कुटुंबाने तोड थांबवली नाही. १८६० च्या दशकात त्यांच्यातले काही जण तुरुंगातही गेले. अखेर १८७८ च्या कायद्याने जंगल लंडन कॉर्पोरेशनकडे आले व लोकांना कायमचे मोकळे झाले. गंमत अशी, की ज्यावरून तंटा पेटला ती तोड भरपाई देऊन बंद झाली! त्या पैशांतून बांधलेला 'लॉपिंग हॉल' लाउटनमध्ये आजही उभा आहे.

पट्टा पुढचा. १९३५ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने जमीनखरेदीसाठी वीस लाख पौंड देऊ केले, १९३८ मध्ये कायदा झाला, १९४४ मध्ये ॲबरक्रॉम्बींची योजना आली. (त्यांच्यावर ज्यांचा प्रभाव होता ते पॅट्रिक गेडिस १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.)

वाटांचे काम मात्र १९४९ च्या कायद्याने झाले. काउंटी कौन्सिलांनी पायवाटांचे अधिकृत नकाशे करायचे होते. एकदा नकाशावर चढलेली वाट मालकाला परस्पर बुजवता येत नाही. अशाच जुन्या पाणंदी जोडून इरिथपासून पर्फ्लीटपर्यंत सुमारे १५० मैलांचा 'लंडन लूप' २००१ मध्ये पुरा झाला. हॅरो-पिनरकरांना तो हॅच एंडला गाठता येईल. सायकलवाल्यांनी मात्र जपून: साध्या पायवाटेवर त्यांना हक्क नाही, १९६८ पासून तो ब्रिडलवेवर आहे.

नकाशातून सुटलेल्या वाटाही बऱ्याच आहेत. जुन्या कागदपत्रांवरून त्या नोंदवण्यास घातलेली मुदत उठवण्याचे सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. कागद नसला तरी १९८० च्या कायद्याप्रमाणे लोक वीस वर्षे उघडपणे, परवानगी न मागता आणि विनाअडथळा चालत आले असतील, तर ती वहिवाट ठरू शकते. पुरावा म्हणून कौन्सिल चालणाऱ्यांचे लेखी जबाब घेते, आणि त्यात नागरिकत्वाची अट नाही. सत्तरच्या दशकात इथे आलेले आपले काका-काकू रोज संध्याकाळी शेताकडेच्या ज्या वाटेने फिरायला जातात, ती नकाशावर आहे का, एवढे कौन्सिलकडे विचारून पाहावे. नसेल, तर पहिला जबाब त्यांचाच.