सचिवांच्या गावातला सचिव

भोरच्या बाजारात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ‘सचिवांचे काय’ असे विचारले, तर तो राजवाड्याकडे बोट दाखवील. तोच प्रश्न पाठीला सॅक लावून एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या पोराला विचारला, तर तो म्हणेल, “कोण, सांस्कृतिक सचिव का? टीवायला आहे. सरांच्या केबिनला असंल.” शब्द एक, पत्ते दोन. कॉलेजातले ‘मंडळ’ आणि त्याचा ‘सचिव’ या दोन्ही शब्दांची कुळकथा सांगायची, तर भोर-वेल्ह्याइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. त्यातला एक शब्द इथे तीनशेहून अधिक वर्षे नांदतो आहे. दुसरा बाहेरून आला आणि इथल्या वाडीवाडीत रुजला.

सचिव आधी. राजगड ही शिवाजी महाराजांची पंचवीसएक वर्षांची राजधानी. तो डोंगर ज्या तालुक्यात उभा आहे, त्या वेल्ह्याला आता राजगड याच नावाने ओळखायचे ठरले आहे. राजधानी राजगडावर होती तेव्हा दरबारात सचिव नव्हता, ‘सुरनीस’ होता. पेशवा, मुजुमदार, वाकनीस, डबीर, सुरनीस अशी सगळी फारसी वळणाची नावे. 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि या पदांनी संस्कृत नावे घेतली. मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सुरनिसाचा सचिव. त्या वेळी त्या जागेवर अण्णाजी दत्तो होते. राज्यव्यवहारकोश तयार झाला तो याच हेतूने, राज्यकारभाराची भाषा आपली करण्यासाठी.

सचिवाचे काम काय होते, हे नीट पाहण्यासारखे आहे. राजपत्र लिहून झाले की ते सचिवाने वाचायचे. अक्षर अधिक-उणे झाले असेल, मजकूर चुकला असेल, तर तो शुद्ध करायचा आणि मग त्यावर आपले चिन्ह करायचे. त्याशिवाय पत्र बाहेर जायचे नाही. महाल-परगण्यांचे जमाखर्च तपासणे हेही त्याच्याकडेच. लिहिणारा वेगळा, त्याला चिटणीस म्हणत, आणि त्या जागेवर बाळाजी आवजींसारखा माणूस होता. सचिव तपासणारा. चूक राहिली तर ती त्याच्या माथी.

राजाराम महाराजांच्या पडत्या काळात हे पद शंकराजी नारायणांकडे आले. औरंगजेबाची फौज सह्याद्रीत उतरलेली असताना मावळचा मुलूख आणि किल्ले सांभाळणाऱ्यांतले ते एक. 1707 मध्ये शाहू महाराज सुटून आले, तेव्हा शंकराजींनी ताराबाईंच्या बाजूने शपथ घेतलेली होती. शपथ मोडवेना आणि गादीच्या वारसावर शस्त्रही धरवेना, म्हणून त्यांनी प्राण दिला, असे या भागात सांगतात. भोरजवळ आंबवड्याला, नागेश्वराच्या देवळाच्या परिसरात त्यांची समाधी आहे. झाडी दाट, खाली ओढा. कुठल्याही कॉलेजच्या मंडळाने वर्षाची पहिली सहल इथे काढावी, असे मला मनापासून वाटते. दिलेल्या शब्दाची किंमत काय असते, ते या जागी व्याख्यानाशिवाय कळते.

पुढे सचिवांची गादी भोरला स्थिरावली. पदनाम होते ते घराण्याचे नाव झाले आणि पंतसचिव हे संस्थानिक झाले. 8 मार्च 1948 ला भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजे गेले, शब्द राहिला. मात्र तो तेव्हा कॉलेजात नव्हता. इंग्रजी अमदानीत सभा-संस्था निघू लागल्या, तेव्हा त्यांचा ‘सेक्रेटरी’ मराठीत बहुधा चिटणीस झाला. राजकीय पक्षांत तो आजही सरचिटणीस आहे आणि महाराष्ट्र साहित्य परिषदेत कार्यवाह. ‘सचिव’ सरकारी कागदावर पक्का बसला तो महाराष्ट्र राज्य झाल्यावर. 1960 मध्ये भाषा संचालनालय निघाले, पाठोपाठ पदनाम कोश आला आणि सरकारातला सेक्रेटरी सचिव झाला. तिथून तो विद्यापीठाच्या परिपत्रकात उतरला आणि परिपत्रकातून कॉलेजच्या फळ्यावर. रायगडावर घडलेला, भोरला राजवाड्यात राहिलेला शब्द मुंबईला वळसा घालून भोरच्याच एका वर्गातल्या पोराच्या नावापुढे येऊन बसला.

आता मंडळ. हा शब्द फार जुना, अर्थ साधा : वर्तुळ. ऋग्वेदाचे दहा भाग म्हणजे दहा मंडळे. कौटिल्याने राजाभोवतीच्या शत्रु-मित्रांचे राजमंडल मांडले. चोलमंडल नावाच्या किनाऱ्याचा युरोपीय खलाशांनी कोरोमांडेल केला. पण चार माणसे एका कामासाठी गोल बसली म्हणजे मंडळ, हा आपल्या रोजच्या बोलण्यातला अर्थ घडायला एकोणिसावे शतक यावे लागले, आणि तो घडवण्यात विद्यार्थ्यांचा हात मोठा आहे.

1848 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. आपल्या कॉलेजांतली वाङ्मय मंडळे, विज्ञान मंडळे यांचे मूळपुरुष शोधत गेलो की वाट इथे येते. निबंध वाचायचे, त्यावर वाद घालायचे, हा तिचा नेम. पण इंग्रजीत वाचलेला निबंध गिरगावातल्या दुकानदाराला काय उपयोगाचा? म्हणून तिच्या देशी भाषांतल्या शाखा निघाल्या, एक मराठी आणि एक गुजराती. मराठी शाखेचे, उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष दादोबा पांडुरंग तर्खडकर. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक 1850 मध्ये याच सभेतून निघाले. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड ही नावे या वर्तुळातलीच. एका कॉलेजात दोन भाषांची पोरे आहेत, त्यांनी आपापल्या भाषेत बोलावे आणि तरी एका सभेची राहावीत, ही व्यवस्था आज साधी वाटते. तेव्हा ती नवी होती.

हे लोक नुसते बोलत बसले नाहीत. 1849 मध्ये या सभेने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला शिकवायला पगारी मास्तर नव्हते, सभेचेच सभासद होते. आपल्या अभ्यासातून वेळ काढून ते फुकट शिकवीत. राष्ट्रीय सेवा योजना 1969 मध्ये आली. तिच्या कामाचा गाभा त्याच्या एकशेवीस वर्षे आधी या मुलांनी करून दाखवला होता. शिबिराला जाणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली पाहिजे.

मुंबईत सभा, तर पुण्यात ‘मंडळी’. जोतीराव फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महार, मांग आदी लोकांना विद्या शिकवण्यासाठी जी संस्था उभी केली, तिच्या नावातच मंडळी हा शब्द होता. सावित्रीबाईंनी 1852 मध्ये महिला सेवा मंडळ काढले आणि त्या त्याच्या सेक्रेटरी होत्या. त्या वर्षीच्या संक्रांतीला मंडळाने तिळगुळाचा समारंभ ठरवला. अध्यक्षस्थानी पुण्याच्या कलेक्टरांची पत्नी. निमंत्रणात स्पष्ट घातले होते की सर्व जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसवण्यात येईल.

मी या जाजमापाशी थांबतो. विविधता, समावेशन, समान संधी हे शब्द आज विद्यापीठाच्या प्रत्येक अहवालात असतात. समान संधी कक्ष असतो, त्याचा फलक असतो. पण या सगळ्याचा उगम मला त्या एका सतरंजीत दिसतो. दीडशेहून अधिक वर्षे आधीच्या त्या पत्रिकेत तत्त्व सांगितलेले नाही, बसायची जागा सांगितली आहे. कोण कुठे बसणार, हे आधीच लिहून टाकले, म्हणजे आयत्या वेळी कुणाला दाराशी उभे राहावे लागू नये. ज्या विद्यापीठाशी भोर-वेल्ह्याची कॉलेजे जोडलेली आहेत, ते 1949 पासून पुणे विद्यापीठ होते. 2014 मध्ये त्याला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. एका मंडळाची सेक्रेटरी असलेल्या बाईचे नाव विद्यापीठाला मिळावे, हा या कुळकथेतला मला सर्वांत प्रिय धागा आहे.

बसण्याचा प्रश्न सुटला तरी जेवणाचा आणि झोपण्याचा राहतोच. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून एकामागून एक वसतिगृहे काढली ती जातवार आणि धर्मवार : मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. त्या काळात पोर शहरात टिकवायचे तर दुसरा मार्ग नव्हता. भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. भोरहून खंबाटकी घाट ओलांडला की सातारा. तिथे 1924 मध्ये त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांचे एक वसतिगृह काढले आणि त्याला शाहू महाराजांचेच नाव दिले. एक चूल, एक पंगत, आणि कामाची पाळी सगळ्यांना. कॉलेजातली ‘कमवा व शिका’ योजना या चुलीवरच शिजलेली आहे आणि पुणे विद्यापीठात ती भाऊरावांच्याच नावाने चालते. ती चालवते विद्यार्थी विकास मंडळ. पूर्वी त्याला विद्यार्थी कल्याण मंडळ म्हणत.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेत निवडणुकीऐवजी गुणवत्ता आणली : वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी, सांस्कृतिक, क्रीडा, एनएसएस, एनसीसी यांतून एकेक आणि दोन मुली प्राचार्यांनी नेमायच्या. 2016 च्या कायद्याने निवडणूक पुन्हा लिहिली : अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, आणि अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास यांच्यापैकी एक, चिठ्ठ्या टाकून आळीपाळीने. जाजमावरची जागा कायद्यात आली.

गावाकडे मात्र मंडळ कायद्याची वाट पाहत थांबले नव्हते. भजनी मंडळ, नवतरुण मंडळ, महिला मंडळ, गणेशोत्सव मंडळ, आणि कामाला मुंबईला गेलेल्यांचे ग्रामस्थ मंडळ. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची पाटी वाचली की दोन नावे हमखास दिसतात, ग्रामस्थ मंडळ आणि मुंबई मंडळ. भोरच्या कॉलेजात येणारे पोर मंडळ म्हणजे काय हे शिकून येत नाही, घरून घेऊनच येते. वर्गणीचे पावतीपुस्तक त्याने आठवीतच हाताळलेले असते.

आणि ते पोर खोऱ्याचे असते. हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे. शिवकाळातल्या कागदांतली ही नावे बोलण्यातून गेलेली नाहीत. मधे डोंगराची धार, आता तर धरणांची पाणीही. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत. समोर दिसणाऱ्या गावाला जायला पाण्याला वळसा घालावा लागतो. भोरचे कॉलेज किंवा विंझरचे अमृतेश्वर महाविद्यालय यांचे मैदान ही अशी जागा आहे, जिथे ही खोरी एकत्र येतात. कुणबी-मराठ्यांची पोरे, महादेव कोळ्यांची, धनगरवाड्यावरची, बौद्धवस्तीतली. कातकऱ्यांची फार थोडी, बहुतेकांची वाट शाळेतच तुटलेली असते.

काही वर्षांपूर्वी या भागातल्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला मी गेलो होतो. ‘लोकनृत्य’ झाले. दिल्लीला 1954 मध्ये पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला, त्यात देशभरचे नाच मंचावर आले. लोकनृत्य ही रांगेत, एका रंगाच्या कपड्यांत, सहा-सात मिनिटांत बसवायची गोष्ट होत गेली ती अशा मंचांवर. इथल्या संचात सगळ्या मुली बाजारपेठेतल्या होत्या. नाच धनगरी होता आणि धनगरवाड्यावरची एकही मुलगी त्यात नव्हती. मी कारण विचारले. सराव चारनंतर असायचा. वरच्या वाडीची शेवटची एसटी त्याआधी सुटायची.

कुणी कुणाला बाहेर ठेवले नव्हते. फलकावर ‘सर्वांसाठी खुले’ लिहिलेले होते. वर्तुळ आखले होते घड्याळाने. आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली, ती आजही टोचते. गॅदरिंग भरते ते डिसेंबर ते फेब्रुवारीत. कातकऱ्यांची घरे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परततात. म्हणजे ज्या महिन्यांत कॉलेज ‘आपली संस्कृती’ मंचावर मांडते, त्या महिन्यांत आपल्यातले काही लोक तालुक्यातच नसतात.

तिथल्या एका मॅडमनी हे ऐकून घेतले. पुढच्या वर्षी त्यांनी सराव दुपारच्या डब्याच्या सुट्टीत ठेवला, मंचावर नाही, मैदानात लिंबाच्या सावलीला. त्यांनी कळवले म्हणून मी एक दिवस मुद्दाम गेलो. मुलींनी गौरीचा फेर धरला होता. रोहिड खोऱ्यातल्या मुलींचे गाणे वेगळे, वेळवंडकडच्यांचे वेगळे. थोडा वेळ ओढाताण झाली, मग एकीने उचलायचे आणि बाकीच्यांनी झेलायचे असे ठरले. वरच्या वाडीच्या दोघी डबा धुऊन उशिरा आल्या. हात सुटले, फेर दोन पावले मागे सरला आणि पुन्हा जुळला.

सांस्कृतिक सचिव बाजूला पायरीवर बसला होता, मांडीवर कार्यक्रमपत्रिकेचे प्रूफ घेऊन. त्या दोघींपैकी एकीने वाकून पाहिले आणि म्हणाली, आमच्या वाडीचं नाव चुकलंय, काना राहिलाय. त्याने खिशातला पेन काढला, काना दिला आणि खाली सही केली.